माळजाईच्या वाटेवरची बडबड

पोरींनो, चढायला सुरुवात करण्याआधी एक ठरवून घ्या, तुमच्यातली मागे कोण चालणार? कारण या डोंगरावर मागे चालणाऱ्याने गप्प बसायचे नसते. काय बोलायचे त्याला बंधन नाही. सासूची गाऱ्हाणी सांगा, कालच्या कालवणात मीठ कसे जास्त पडले ते सांगा, काहीच सुचले नाही तर बाराखडी म्हणा. पुढच्याने नुसते हुंकार द्यायचे. आणि मागचा आवाज थांबला की पाऊल तिथेच थांबवायचे. आमच्या कुरुंजवाडीत लेकरू चालायला लागले की त्याला आधी हे शिकवतात. बाहेरचे लोक हसतात. म्हणतात, धावजी आबा, तुमचा डोंगर म्हणजे नुसता बाजार. हसू द्या. आज हस्ताचा पाऊस आहे, धुकेही खाली उतरले आहे, आणि ही गोष्ट अशाच दिवशी घडली असे सांगतात.

फार जुना काळ. वाडीत ठकी आणि राही अशा दोघी होत्या. एकाच गावच्या लेकी, एकाच साली या वाडीत सुना होऊन आल्या. ठकी काटक, चालायला लागली की वारा मागे पडावा. बोलणे मात्र मोजके. राहीचे सगळे उलटे. ती दहा पावले चालायची आणि अकराव्याला थांबायची, कुठे सोनकीची फुले बघ, कुठे खेकड्याचे बीळ बघ. तोंडाची टकळी मात्र थांबायची नाही. झोपेतसुद्धा बोलते, असे तिचा नवरा म्हणे.

एका आश्विनात ठकीचे दोन वर्षांचे पोर तापाने फणफणले. झाडपाला झाला, अंगारा झाला, अकरावा दिवस उजाडला तरी ताप हटेना. पोराने डोळे उघडायचेही सोडले. तेव्हा ठकीने माळजाईला नवस केला. आई, माझे लेकरू वाचव, मी भर पावसात तुझा डोंगर चढून येईन, पायथ्यापासून तुझ्या पायापर्यंत एकदाही मागे वळून बघणार नाही.

नवस बोलून गेली खरी, पण अशा पावसात या वाटेवर एकट्याने जाणे म्हणजे मरणाशी गाठ. पोराला सासूच्या मांडीवर देऊन ती निघाली, तर दारात राही डोक्यावर इरले घेऊन उभी. "मी बी येते," म्हणाली. नवसकरणीच्या पुढे कुणी चालायचे नाही हा तेव्हाचा रिवाज. म्हणून ठकी पुढे आणि राही मागे. ठकी तिला बघू शकत नव्हती, तिचा आवाज तेवढा सोबतीला होता.

राहीने वाटभर तोंड चालू ठेवले. शेळीने वरई कशी खाल्ली, जावेने लुगडे कसे लपवले, सगळे सांगून झाले. ठकी "हूं, हूं" करीत चढत होती. आता तुम्हाला वरची खिंड लागेल, तिथे ओढा वाट कापून खाली उडी घेतो. ठकी तो ओलांडून पुढे गेली. मागून राही सांगत होती, "आन मंग सासू मला म्हनली..."

पुढे काहीच नाही. नुसता पाऊस.

ठकी थांबली. मान न वळवता तिने विचारले, "राही, मंग काय म्हनली सासू?" उत्तर नाही. पुन्हा हाक मारली, पुन्हा तेच. माळजाईचे झाडाखालचे ठाणे तिथून हाकेच्या अंतरावर होते. वळावे तर नवस मोडतो आणि घरी लेकरू जाते. न वळावे तर राही जाते. म्हणे त्या जागी ती तीन सरी येऊन जाईपर्यंत उभी होती, आणि लहान पोरीसारखी रडत होती. मला विचाराल तर त्या बाईला पडले तितके कठीण कोडे देवाने कुणालाच घालू नये.

मग ती वळली.

राही ओढ्यात कंबरेपर्यंत होती. पाय दोन दगडांत अडकलेला, पाणी चढत चाललेले, एका हाताने कारवीचे झुडूप धरलेले. आणि तोंडात लुगड्याचा पदर कोंबलेला. ओरडण्याचा आवाज बाहेर पडू नये म्हणून तिने स्वतःच कोंबला होता.

ठकीने जिवाच्या आकांताने तिला ओढून काढले. आधी एक सणसणीत थोबाडीत दिली आणि मग गळ्यात पडली. "हाक का न्हाई मारलीस गं?"

"मारली असती तर तू वळली असतीस," राही म्हणाली. "मंग पोराचं काय?"

"वळलेच की."

"म्हनून तर म्हन्ते, तू येडी हाईस."

राहीचा पाय सुजला होता. ठकी म्हणाली, आता घरी जाऊ, मोडलेला नवस घेऊन देवीपुढे कुठल्या तोंडाने उभी राहू? पण राही ऐकेना. "दोष माझा हाय, मला आईला सांगू दे," एवढेच तिचे पालुपद. अखेर ठकीने तिला पाठीवर घेतले आणि दोघी वर पोचल्या.

माळजाई तेव्हा सरळ पूर्वेला बघत असे. वाट येते पश्चिमेकडून, तिच्या पाठीमागून. दोघी झाडाखाली आल्या आणि जागीच थबकल्या. देवीची मान वळली होती. डाव्या खांद्यावरून दगडाची आई मागे, वाटेकडे बघत होती. ठकीने राहीला पाठीवरून खाली उतरवले. मग हळूच म्हणाली, "आईबी वळली गं."

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा पोर आजीच्या मांडीवर बसून पेजेसाठी हट्ट करत होते, असे सांगतात. त्यानंतर या डोंगरावर कुणी कुणासाठी तोंड दाबून सोसायचे नाही, असे दोघींनी वाडीला सांगून ठेवले.

आजही माळजाईची मान तशीच आहे. शिकलेले लोक म्हणतात पाथरवट चुकला. म्हणोत बापडे. तुम्ही वर पोचलात की समोर उभ्या राहून नमस्कार करा, पण आई आपल्याकडे बघत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही पोचलात, तुमची काळजी मिटली. ती बघत असते, अजून कोण मागे राहिले आहे ते.