तबिथामायचं जातं

दुःखाच्या घरी तुम्ही उंबरठ्यावरूनच परत जाता. चपलासुद्धा काढत नाही. "देवाची इच्छा," म्हणता आणि सुटता. आमच्या ख्रिस्ती कातळवस्तीत हे चालत नाही. का, ते ऐका.

फार फार मागे, प्लेगाच्या साली, वस्तीतली सगळी माणसं माळावर झोपड्या बांधून राहिली. गावात उरलं तबिथाचं घर; तिथं आधीच प्लेग शिरला होता. आठ दिवसांत तिचा नवरा गेला, मग दोन्ही मुलगे. तिच्या घराकडे कुणी फिरकलं नाही. प्रचारक तेवढे आले, पण लांब बांधावर उभे राहून ओरडले, "तबिथाबाई, देव तुझ्याजवळ आहे!"

"मग तुम्ही का एवढे लांब?" तिनं विचारलं.

प्रचारक निघून गेले. तबिथानं अन्न सोडलं. मुलांच्या मागे जायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

चौथ्या दिवशी शेजारच्या घरातून कण्हणं ऐकू आलं. घरच्यांनी मागे टाकलेली एक आजारी म्हातारी भाकरी मागत होती. तबिथा उठली आणि जात्याशी बसली. जातं दोघींनी ओढायचं, आणि तिच्या अंगात तर बसायचंही त्राण नव्हतं. पाळू, जात्याचा वरचा दगड, हलेना. तेव्हा ती रागानंच म्हणाली, "देवा, सांत्वन राहू दे. आत्ता एक हात लाव!"

आणि जातं फिरलं.

असं म्हणतात, खुंट्यावरच्या तिच्या हातावर दुसरा हात आला. सुतारासारखा, घट्टे पडलेला. तळव्याच्या मधोमध जुन्या जखमेचा खळगा. तबिथानं मान वर केली नाही. ती रडत राहिली, दळत राहिली. मुलं परत आली नाहीत, पण ती एकटीही राहिली नाही.

त्या पिठाच्या भाकरीवर म्हातारी उठून बसली. मग तबिथानं ते जातं डोक्यावर घेतलं आणि माळ गाठला. असं म्हणतात, दोन गड्यांना न उचलवणारं ते जातं तिला टोपलीएवढं हलकं लागायचं. ज्या झोपडीत मरण झालं, तिथं ती शिरायची, जातं मांडायची आणि म्हणायची, "धर खुंटा." बाकी एक शब्द नाही.

ते जातं आज आमच्या देवळाच्या ओसरीत आहे. गावात दोन गिरण्या आहेत, तरी कुणाकडे मयत झाली की तिसऱ्या दिवशी जातं त्या घरी जातं. शेजारचं माणूस समोर बसतं. पायली दळून होईपर्यंत कुणी उपदेश करायचा नाही, पाळकांनीसुद्धा नाही.

गेल्या साली प्रभुदास मास्तरांची बायको गेली. मास्तरांनी जन्मात जात्याला हात लावला नव्हता. समोर बसली ऐंशी वर्षांची दीनाआत्या. थोड्या वेळानं मास्तर डोळे पुसत म्हणाले, "आत्या, हळू ओढा की. किती जोर लावता या वयात!"

दीनाआत्या भिंतीला टेकून पदरानं वारा घेत होती.

"मी कुठं रे, मास्तर? माझा हात केव्हाच सुटलाय."