रडणारं पाखरू आणि रूपला नाईक

फार मागची गोष्ट. तेव्हा तांबरखेडची खळी नदीकाठी असत आणि मीठ बैलांच्या पाठीवरून येई, समुद्रापासून वीस मुक्काम चालून. ते आणणारा लमाण रूपला नाईक एका खेपेला पाय मोडून इथंच राहिला. गावातल्या ठकूबाईनं त्याला आपल्या गोठ्यात जागा दिली, गावानं भाकरी दिली. त्याला विद्या एकच होती. मिठाचा खडा जिभेवर ठेवला की तो कुठल्या खाडीचा, ते सांगे.

त्या सुगीत, ऐन मळणीत, एक पाखरू आभाळातून खळ्यात पडलं. काळपट, बदकासारखे पडद्याचे पाय, चोचीवर दोन नळ्या. त्याला उभंही राहता येईना. आणि चोचीवरून टपटप पाणी गळत होतं.

"राशीवर रडतंय! अवदसा हाय, ठेचा!" पाटील ओरडला.

रूपलानं लंगडत येऊन पाखराला धोतराच्या सोग्यात घेतलं. चोचीवरचा थेंब जिभेला लावला आणि डोळे मिटले. असं म्हणतात, त्या घटकेला त्याच्या कानात लाटा वाजल्या.

"हे रडत नाही, पाटील. प्यालेलं मीठ टाकतंय. दर्याचं पाखरू आहे हे. वादळानं इथवर फेकलंय, आणि ते वादळ मागून येतंय. वर्षभर मला वाढलंत, आता एवढं ऐका. राशी टेकडीवर न्या."

आभाळ तर लख्ख होतं. "पाखराचा शेंबूड चाखून पाऊस सांगता व्हय, नाईक?" पाटील हसला, तसं सगळं खळं हसलं.

 एका काखेत पाखरू, पाठीवर ठकूबाईच्या धान्याचं पोतं, असा रूपला मोडक्या पायानं टेकडी चढू लागला. ते बघून ठकूबाईनं पदर खोचला. "हसा तुम्ही. माझी रास मी नेते." तिच्यामागं दुसरी निघाली, तिसरी निघाली. शेवटी पाटलाची गाडीसुद्धा निघाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अंधारून आलं. तीन दिवस पाऊस कोसळला, खळी नदीनं नेली. असं म्हणतात, पूर टेकडी चढत आला, पाखराच्या पायांना शिवला आणि तिथूनच माघारी फिरला. चौथ्या दिवशी रूपलानं पाखराला कड्यावरून वाऱ्यावर सोडलं. ते मावळतीला गेलं. पाटलानं तेव्हा स्वतःच्या हातानं रूपलाचा मोडका पाय धुतला.

तांबरखेडची खळी अजून टेकडीवरच असतात. समुद्र गावात कुणी पाहिलेला नाही. तरी मळणीआधी सगळे जिभेवर मिठाचा खडा ठेवतात, मावळतीकडे तोंड करतात, आणि गावातली सगळ्यांत म्हातारी बाई विचारते, "नाईक, दर्या निवांत हाय का?"

मग सगळे कान देऊन ऐकतात. कुठंतरी एखादं पाखरू ओरडतं.

"हाय म्हणतोय," म्हातारी सांगते, आणि बैल फिरायला लागतात.