राळेतले राजकुळ

एका राज्यात राळेच्या झाडांचे मोठे अरण्य होते आणि सुकेतू नावाचा राजा तिथे राज्य करीत होता. राणी कौमुदी, युवराज वज्रबाहू, मधली उत्पला आणि धाकटी चंपिका, एवढे त्याचे कुळ. उत्पला दूर डोंगरावर वैद्यकी शिकत होती, म्हणून पुढे जे घडले त्यातून ती एकटी वाचली.

नव्या महालाच्या खांबांसाठी राजाने अरण्यातला सर्वांत जुना वृक्ष तोडायला सांगितला. त्याच्या मुळाशी अघोष मांत्रिकाने आपल्या पत्नीची राख पुरली होती. अघोष हात जोडून राजापुढे उभा राहिला.

राजा म्हणाला, "राख दुसरीकडे ने."

कुऱ्हाड चालली. एवढा वृक्ष पडताना पाहायला सारे राजकुळ तिथे आले होते.

अघोष म्हणाला, "राजा, ज्या मातीची तू पर्वा केली नाहीस, त्याच मातीत तुझे कुळ सरपटेल. उताणे पडेल, टक् करून उसळेल आणि पुन्हा उताणे पडेल."

शब्द संपला आणि चौघांचे चार भुंगेरे झाले. तांदळाच्या दाण्याएवढे, तपकिरी. राजा आणि युवराज पाचोळ्यात पडले. राणी आणि चंपिका पडल्या तोडलेल्या बुंध्यावर, आणि बुंध्यातून राळ वाहत होती. राणीने धाकटीला पोटाखाली घेतले. राळ दोघींवरून गेली आणि शापाच्या बळाने हजारो वर्षांची होऊन क्षणात दगड झाली. तो मधाच्या रंगाचा खडा अघोषाने उचलला आणि तो वाळवंटापलीकडे निघून गेला.

ही बातमी डोंगरावर पोचायला वर्ष लागले. उत्पला परतली तेव्हा सिंहासन रिकामे होते. प्रधान एकमेकांशी बोलत नव्हते आणि सीमेवरची गावे ओस पडली होती. ती थेट अरण्यात गेली. तिथे एक म्हातारा धनेश पक्षी राहत असे. त्याला माणसांची भाषा येत होती आणि घडले ते सारे त्याने पाहिले होते.

"शाप सुटेल?" तिने विचारले.

"तीन कामे आहेत, राजकन्ये. पाचोळ्यातून तुझी माणसे ओळखून काढ. अघोषाकडून खडा आण. तिसरे काम मग सांगेन."

अरण्यात तसले भुंगेरे लाखो होते. उत्पला कुजलेल्या ओंडक्यांपाशी बसली. एकेक भुंगेरा ती तळहातावर उताणा ठेवी. तो टक् करून उसळे आणि पाचोळ्यात नाहीसा होई. अकरा दिवस गेले. तिचे गुडघे सोलवटले. बाराव्या दिवशी एक भुंगेरा उसळला आणि पुन्हा तिच्याच तळहातावर पडला. तिने त्याला खाली सोडले, तो वर चढून आला. त्याच्यामागून आणखी एक आला.

"तात," उत्पला म्हणाली.

दोघांना पानाच्या द्रोणात घेऊन ती वाळवंट ओलांडून गेली. अघोष झोपडीच्या दारात बसला होता. खडा त्याच्या गळ्यात होता.

"महाराज, माझ्या पित्याने अपराध केला. मी क्षमा मागायला आले आहे."

"क्षमा त्याने मागावी."

उत्पलेने तळहात पुढे केला. थोरला भुंगेरा अघोषासमोर आला आणि त्याने मान वाकवली. पुन्हा वाकवली. अघोषाने खडा उतरवून दिला.

"शाप मला मागे घेता येत नाही," तो म्हणाला. "घेता आला असता तर त्याच दिवशी घेतला असता. खड्यात ते पोर आहे, हे मला घरी आल्यावर दिसले."

अरण्यात परतल्यावर उत्पलेने खडा उन्हात धरला. मोठा भुंगेरा आणि त्याच्या पोटाशी लहान. पाय न् पाय स्पष्ट दिसत होता.

धनेश म्हणाला, "आता तो जाळ."

"आत माझी आई आहे. बहीण आहे."

"त्यांचे प्राण त्याच दिवशी गेले, राजकन्ये. मेलेल्यांना अग्नी मिळाल्याशिवाय जिवंतांचा शाप सुटणार नाही."

"आणि मी जाळला नाही तर?"

"भुंगेऱ्याचे आयुष्य थोडे असते. हे दोघे म्हातारे झाले आहेत."

उत्पला तीन दिवस खडा मुठीत धरून बसली. तिने वैद्यकीतले सारे आठवून पाहिले. दगडातला जीव परत आणण्याचे औषध त्यात नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी थोरला भुंगेरा उताणा पडला. तो उसळला नाही. पाय नुसते हलत राहिले.

मग तिने चंदनाची काटकी पेटवली आणि खडा तिच्यावर ठेवला. राळ पेटली. देवघरात दरवळतो तसा सुगंध अरण्यभर पसरला. ज्योत विझेपर्यंत उत्पलेने डोळे मिटले नाहीत.

धूर ओसरला तेव्हा समोर वज्रबाहू उभा होता आणि राजा जमिनीवर पडला होता. त्याचे केस पांढरे झाले होते. उत्पलेने त्याला आधार देऊन बसवले.

"तात, मी तीन दिवस थांबले. माझ्याने होईना."

"मी पाहत होतो," राजा म्हणाला. "मला उसळता येत होते, उत्पले. मी उसळलो नाही. वाटले, त्या दोघी जिथे गेल्या तिथे आपणही जावे. तू काटकी पेटवलीस तेव्हा मला ओरडून सांगायचे होते, नको म्हणून."

वज्रबाहूने खाली बसून बहिणीच्या काजळलेल्या बोटांवरची राख आपल्या उपरण्यात टिपून घेतली.

युवराजाला राज्याभिषेक झाला. प्रधान कामाला लागले, ओस गावांत लोक परतले. नवा महाल अर्धाच राहिला आणि अरण्यात कुऱ्हाड नेऊ नये असा हुकूम निघाला. राजा सुकेतू स्वतः वाळवंट ओलांडून अघोषाकडे गेला. दोघांत काय बोलणे झाले ते कोणी ऐकले नाही.

त्याआधी, अग्नी दिल्याच्या दहाव्या दिवशी, नदीवर तिलांजली होती. राजाने ओंजळीत पाणी आणि तीळ घेतले. कौमुदीचे नाव घेऊन पाणी सोडले. दुसऱ्यांदा ओंजळ भरली, पण चंपिकेचे नाव त्याच्या तोंडून निघेना. पाणी बोटांतून गळून गेले. त्याने पुन्हा भरले, पुन्हा गळले. तेव्हा उत्पला पाण्यात उतरली, आपली ओंजळ तिने पित्याच्या ओंजळीखाली धरली आणि नाव तिने घेतले.