पिवळ्या छत्रीचा हेवा

फ्रान्सच्या दक्षिणेला, नदीकाठच्या एका जुन्या तटबंदीच्या गावात गास्पार नावाचा एक गाइड राहत होता. गाव पाहायला येणाऱ्यांना तो वीस वर्षे किल्ला आणि दगडी पूल दाखवत आला होता. तिथली रीत अशी होती की सकाळी सगळे गाइड वेशीपाशी आपापली छत्री उघडून उभे राहत. पाहुण्यांनी आवडेल त्या छत्रीजवळ जायचे.

गास्पारची छत्री काळी होती. मिरेय नावाच्या तरुण मुलीची पिवळी. तिला या कामात दोनच उन्हाळे झाले होते, पण गर्दी तिच्याकडे. गास्पार राजांची नावे आणि सनावळ्या धडाधड सांगे. मिरेय लोकांना भिंतीजवळ नेई. जुन्या पाथरवटांनी आपण घडवलेल्या दगडांवर खुणा कोरल्या होत्या. कुणाचा मासा, कुणाचा बाण. "हाच मासा आणखी कुठे दिसतो, शोधा," ती म्हणे. मग मोठी माणसेही भिंतीला नाक लावून फिरत.

"दगड शोधायला लावते आणि त्याला माहिती म्हणते," गास्पार बेकरीवाल्यापाशी कुरकुरला.

"मग तूही लाव," बेकरीवाला म्हणाला. "तुझ्या राजांना तर कोणी विचारत नाही."

हे गास्पारला फार लागले. त्या दिवशी त्याच्या छत्रीखाली एकही माणूस आला नाही. तिच्याकडे तीस जण. तो वेशीत बसून राहिला. दुरून तिचे हसणे ऐकू येई. त्याला वाटे, ती आपल्यालाच हसते आहे.

तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत आली. खुणा शोधता शोधता ती मागे राहिली होती.

"दादा, पिवळी छत्री कुठे गेली?"

छत्री वर किल्ल्याकडे गेली होती. गास्पारने खाली नदीकडे बोट दाखवले. "त्या पायऱ्या उतरा."

पायऱ्या शेवाळलेल्या होत्या, हे त्याला ठाऊक होते. म्हातारीचे वाईट व्हावे असे त्याच्या मनात नव्हते. मिरेयने माणूस हरवला, एवढी बोलवा गावात व्हावी, इतकेच त्याला हवे होते.

थोड्या वेळाने मिरेय आपल्या लोकांना घेऊन धावत आली. "गास्पारकाका, माझ्या गटातल्या एक आजी सापडत नाहीत. मी शोधून येते, तोवर यांना सांभाळा. तुमच्याशिवाय कुणावर सोपवू?" छत्री त्याच्या हातात देऊन ती पुलाकडे पळाली.

सगळे गास्पारभोवती उभे राहिले. इतकी माणसे त्याच्याकडे कित्येक महिन्यांत आली नव्हती. त्याने पहिल्या राजाचे नाव घेतले. दुसरे त्याला आठवेना. डोळ्यांपुढे फक्त त्या पायऱ्या येत होत्या. छत्री एकाच्या हाती देऊन तो नदीकडे धावला.

म्हातारी खालच्या पायरीवर बसली होती. तिचा पाय मुरगळला होता. गास्पारने तिला पाठीवर घेऊन वर आणले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतलेल्या मिरेयने त्याचे दोन्ही हात धरले. "काका, तुम्ही होतात म्हणून निभावलं."

"फार भला माणूस," म्हातारी म्हणाली. "मघाशी वाटही यांनीच दाखवली. मीच कुठेतरी चुकले असेन."

टाळ्या थांबल्या. गास्पारला मान वर करता येईना.

"त्या चुकल्या नाहीत," तो म्हणाला. "मीच त्यांना खाली पाठवलं."

मिरेयने त्याचे हात सोडले.

तात्पर्य: दुसऱ्याचा मान कमी करायला निघालेला माणूस स्वतःच्या वाट्याला आलेला मानही घालवून बसतो.