शेवटचं पान

खांबेटेबाईंनी मिरजेच्या वाचनालयात तीस वर्षं पुस्तकांची देवघेव केली. निवृत्त झाल्यावर त्या कामं मिळवून देणाऱ्या एका साइटवर अनुवादाचं काम शोधू लागल्या. तिथं सरनाईक नावाच्या प्रकाशकानं त्यांना एका इंग्रजी रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण धाडलं. "परीक्षा म्हणून एवढं फुकट करून दाखवा, मग बघू." बाईंच्या सांगलीच्या मैत्रिणीला याच पुस्तकाचं आधीचं प्रकरण आलं होतं, तेही परीक्षा म्हणूनच. बाई काय ते समजल्या.

त्यांनी प्रकरण मन लावून केलं आणि शेवटचं पान तेवढं स्वतःकडे ठेवून बाकीचं पाठवलं.

तासाभरात सरनाईकांचा फोन आला. "अहो मॅडम, शेवटचं पान कुठंय? खून केला कुणी?"

बाईंना वाचनालयाची खिडकी आठवली. रहस्यकथेचं शेवटचं पान कुणीतरी हमखास फाडलेलं असायचं, आणि माणसं अशाच कासावीस आवाजात विचारत यायची. त्यांच्या कानात खुन्याचं नाव सांगण्यात बाईंच्या कितीतरी दुपारी गेल्या होत्या.

"मूळ पुस्तक तुमच्याकडेच आहे की," बाई म्हणाल्या. "तरी तुम्ही माझं पान मागताय, म्हणजे परीक्षेत मी पास झाले. आता करार पाठवा. तोवर खुनी माझ्याकडेच राहील."