सगुणाच्या अकरा कैऱ्या

ज्या राजाचं नाव आता कुणालाच आठवत नाही, त्याच्या राज्यातली ही गोष्ट. लहानांनी पुढे बसा, मोठ्यांनी मागे बसा, आणि मध्ये मध्ये बोलू नका. ही गोष्ट सांगताना माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते.

त्या राज्यात नदीकाठी एक गाव होतं आणि गावात येसाक्का नावाच्या बाईचं घर होतं. खाऊनपिऊन सुखी घर. म्हणजे घरात खायला भरपूर होतं. घरच्यांना ते मिळत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

येसाक्काला एक खूळ होतं. घरात जे जे म्हणून चांगलं, ते पाहुण्यांसाठी.

चैत्र आला की गावात घरोघरी मजा असायची. नवा माठ यायचा, त्यात वाळ्याची जुडी पडायची, आणि त्याचं पहिलं गार पाणी पिऊन माणसं "अहाहा" करायची. अंगणात कुरडयांचा चीक शिजायचा आणि पोरं वाट्या घेऊन चुलीभोवती बसायची. बायका मोगऱ्याची चार फुलं केसांत खोवायच्या. दुपारी सारवलेल्या जमिनीवर पाठ टेकली की आपोआप डोळे मिटायचे. काय लागतं हो माणसाला? एवढंच लागतं.

येसाक्काच्या घरीही हे सगळं होतं. पण नवा माठ पाहुण्यांचा. घरच्यांनी जुन्या हंड्यातलं कोमट पाणी प्यायचं. मोगरा फुलला की सगळी फुलं ओल्या फडक्यात बांधून ठेवायची, कुणी आलं तर गजरा करायला. कुणी आलं नाही तर फुलं पिवळी पडायची आणि उकिरड्यावर जायची. ओसरीवरचा झोपाळा वर आढ्याला बांधून टाकलेला, पाहुणे आले की खाली सोडायचा. चीक शिजताना घरातल्या पोरीने वाटी पुढे केली, तर कुरडया कमी पडतील म्हणून वाटी परत. आणि त्या कुरडया खाणार कोण? पुन्हा पाहुणेच!

पाहुण्यांचं करावं. मी कधी नाही म्हटलंय? पण घरातली माणसं काय उपाशी राहायला जन्माला आली होती?

या घरात एक सून होती, सगुणा. तिला एक मुलगी होती, सात वर्षांची, ठमी. सगुणाला नवराही होता. तो आईपुढे तोंड उघडत नसे, तेव्हा त्याच्याबद्दल जास्त काही सांगण्यासारखं नाही.

सगुणा लग्न होऊन आली तेव्हा पदराच्या गाठीत एक कोय घेऊन आली होती. तिच्या आईच्या अंगणातल्या आंब्याची कोय. तिने ती परसात लावली. रोज भांड्यांचं धुवण घातलं, उन्हाळ्यात स्वतःच्या अंघोळीतलं पाणी वाचवून घातलं. शेळ्या येऊ नयेत म्हणून काटेरी फांद्यांचं कुंपण केलं, त्यात तिचे हात सोलवटले. पुढे तिची आई गेली. माहेरचं झाडही वादळात पडलं. माहेर म्हणून तिच्याजवळ उरलं ते परसातलं हे एवढंच.

नवव्या वर्षी झाड मोहरलं आणि कैऱ्या धरल्या. सगुणाने मोजल्या. अकरा.

"आई, आपण कधी खायच्या?" ठमी रोज विचारायची.

"अजून जरा भरू देत. मग ओसरीच्या पायरीवर बसायचं, फोडी करायच्या, तिखटमीठ लावायचं आणि आपण दोघींनी आधी खायच्या. माझ्या आईकडे अशीच खायचो."

मायलेकींच्या तोंडाला नुसत्या बोलण्याने पाणी सुटायचं. पंधरा दिवस त्या एवढ्याच सुखावर जगल्या.

आणि मग दवंडी आली. राणीसाहेब या वाटेने माहेरी निघाल्यात, दुपारी गावात थांबतील.

येसाक्काचे पाय जमिनीला लागेनात. "राणीसाहेब माझ्याकडेच उतरणार! चैत्राचं हळदीकुंकू करू. कैरीची डाळ आणि पन्हं!"

त्या सकाळी सगुणा नदीवर धुणं घेऊन गेली होती. परत आली तर झाड रिकामं. खाली तुटलेली पानं पडलेली, देठाचा चीक ठिबकलेला, आणि स्वयंपाकघरात सुपात अकराच्या अकरा कैऱ्या. ठमी दाराआड हुंदके देत उभी होती.

सगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दारात राणी येणार होती. तिने राग गिळला आणि सासूला एवढंच म्हणाली, "आत्याबाई, दहा घ्या. एक माझ्या ठमीला द्या."

"एक?" येसाक्का ओरडली. "पन्हं कमी पडलं तर? राणीसाहेबांपुढे माझी शोभा करायची आहे का तुला?"

"मग अर्धी द्या."

"पाहुण्यांच्या आधी घरच्यांनी तोंड घालायचं? ही कुठली रीत आणलीस ग? पुढच्या वर्षी येतील की आणखी!"

ऐकलंत? पुढच्या वर्षी! सात वर्षांच्या पोरीला पुढचं वर्ष म्हणजे किती लांब असतं, हे ज्या माणसाला कळत नाही, त्याच्या हातात घराच्या किल्ल्या देऊ नयेत.

सगुणाने थोड्या कैऱ्या पन्ह्यासाठी उकडल्या आणि बाकीच्या स्वतःच्या हाताने किसल्या. भिजवलेली डाळ वाटली. डाळीत मीठ मात्र येसाक्काच घालायची, तो तिचा मान. तिने मूठभर मीठ घातलं. मग कुणीतरी ओरडलं, "पालखी दिसली!" येसाक्का धावत ओसरीवर गेली, धावत परत आली, मोहरी-हिंगाची फोडणी ओतली आणि पुन्हा मूठभर मीठ घातलं.

"आत्याबाई, मीठ दोनदा पडलं," सगुणा म्हणाली. "जरा चाखून बघते."

"खबरदार! उष्टं करशील!"

देवाचा नैवेद्य आधी चाखत नाहीत, हे खरं. पण या बाईने पाहुण्यांच्या डाळीलाही तोच नियम लावला होता. त्या घरात विकतच्या कैऱ्यांची डाळ वर्षानुवर्षं होत होती आणि घरातल्या एकाही माणसाच्या जिभेला ती कधी लागली नव्हती.

राणी आली. झोपाळा खाली सोडला होता, त्यावर बसली. माठाचं पाणी प्यायली, खूश झाली. गावातल्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. येसाक्काने आधी पळसाच्या पानांच्या द्रोणांतून डाळ फिरवली. राणीने डाळीचा घास तोंडात घातला.

राणी उठली, अंगणाच्या कडेला गेली आणि तिने तो घास थुंकला.

"कुणी चाखली होती ही डाळ?"

"कुणीच नाही, राणीसाहेब!" येसाक्का अभिमानाने म्हणाली. "आमच्या घरात पाहुण्यांच्या आधी कुणी बोटसुद्धा लावत नाही."

"आणि पाहुण्यांच्या नंतर?"

दारातून ठमी म्हणाली, "नंतर काही उरतच नाही."

राणीने बायकांकडे पाहिलं. "दर वर्षी अशीच असते का ग?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी शेजारची म्हाळसाकाकू तोंडावर पदर घेऊन म्हणाली, "आता विचारलंतच म्हणून सांगते, राणीसाहेब. गेल्या साली मीठच नव्हतं. त्याच्या आधीच्या साली हिंग इतका, की दोन दिवस ढेकर आले. आम्ही द्रोण पदराखाली घेतो आणि कोपऱ्यावरच्या गाईला घालतो. आता तर गाईसुद्धा तोंड फिरवते."

"मग माझ्यासमोर वा वा का म्हणायचात?" येसाक्काचा आवाज चिरकला.

"न म्हणून काय करणार होतो ग? तू रडत बसली असतीस!"

आणि मग सगुणा बोलली. नऊ वर्षांत त्या घरात तिचा चढा आवाज कुणी ऐकला नव्हता. त्या दिवशी नदीपलीकडे ऐकू गेला.

"मग कुणासाठी हो, आत्याबाई? सांगा ना, कुणासाठी? मी अंघोळीचं पाणी वाचवून झाड जगवलं. माझ्या पोरीला एक फोड मिळाली नाही. मला नाही. तुमच्या स्वतःच्या मुलाला नाही. आणि पाहुण्यांनी थुंकली! गाईसाठी राखत होतात? गाईलाही नको आहे! माझ्या आईच्या झाडाच्या अकरा कैऱ्या होत्या त्या. अकरा! एक मागितली होती मी तुमच्याकडे, अर्धी मागितली होती. भिकारणीने मागावं तशी मागितली, माझ्याच घरात!"

ती सरळ पाहुण्यांच्या माठाकडे गेली. फुलपात्र बुडवलं आणि ठमीला पाजलं. मग स्वतः प्यायली. फडक्यात बांधलेला मोगरा सोडला आणि लेकीच्या केसांत ओंजळभर माळला. मग लेकीला घेऊन झोपाळ्यावर बसली आणि सगळ्यांदेखत पायाने झोका दिला. तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही.

राणी येसाक्काला म्हणाली, "लेकराच्या तोंडची कैरी काढून तुम्ही माझ्यापुढे ठेवलीत. आधी कळलं असतं तर मी या दारात पाऊल टाकलं नसतं." आणि उन्हं कलायच्या आत तिची पालखी पुढे निघाली.

पुढच्या वर्षी येसाक्का रोज परसात जाऊन झाडाकडे बघायची. मोहर आला नाही. झाड रुसलं, असं लोक म्हणाले. झाडं कसली रुसतायत? आंबा एक वर्ष धरतो, एक वर्ष सोडतो, शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पुढच्या वर्षी येतील म्हणणाऱ्या येसाक्कालाच तेवढं सुचलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या चैत्रात झाड लगडलं. ठमी नऊ वर्षांची झाली होती. सगुणा ओसरीच्या पायरीवर विळी घेऊन बसली. पहिली फोड तिखटमीठ लावून ठमीच्या हातावर ठेवली. दुसरी आपल्या तोंडात टाकली आणि डोळे गच्च मिटून घेतले. तिसरी नवऱ्याला दिली. त्याने खाल्ली आणि म्हणाला, "फार छान आहे." त्या घरात तो स्वतःहून बोललेलं हे पहिलंच वाक्य असावं.

येसाक्का खांबाला टेकून बघत होती. दोन वर्षांत ती खूप थकली होती. "मला?" तिने हळूच विचारलं.

सगुणाचा राग गेला होता, असं समजू नका. इतका मोठा राग दोन वर्षांत जात नाही. पण तिने एक फोड दिली.

येसाक्काने ती तोंडात घातली. चावायला गेली, पण चावता येईना. पुढचे दात गेल्याच थंडीत पडले होते. तिने फोडीवरचं मीठ चोखलं, फोड बाहेर काढली आणि हातात धरून रडू लागली.

"मी या घरात आले तेव्हा परसात मोठा आंबा होता ग," ती म्हणाली. "माझ्या सासूने एक फोड दिली नाही. पाहुणे येतील म्हणाली. तुझं राज्य आलं की खा म्हणाली. राज्य आलं आणि मला खायचं सुचलंच नाही. चाळीस वर्षं झाली, मी कैरी खाल्ली नाही."

सगुणाने तिच्या हातातली फोड ओढून घेतली. रागारागात किसणी आणली, एक आख्खी कैरी किसली, मीठ घातलं, कणभर गूळ घातला. चिमूटभर आपल्या जिभेवर ठेवून बघितलं. आणि वाटी सासूपुढे आदळली.

"खा. आणि आता वाटीत रडू नका, मीठ बेताचं घातलंय."

येसाक्काने पहिला घास घेतला आणि कितीतरी वेळ तो गिळलाच नाही.

तेवढ्यात म्हाळसाकाकू दारात आली. "अग बाई, कैऱ्या!"

"या ना, बसा," सगुणा म्हणाली. "आमच्या खाऊन झाल्यात. आता तुम्ही घ्या."

म्हाळसाकाकूने फोड घेतली आणि पहिल्यांदाच त्या घरात खरंखुरं "वा" म्हणाली.

बोध एवढाच: घरातलं सुख आधी घरच्यांच्या तोंडी पडू द्या, जे त्यांच्यापासून राखून ठेवाल, ते शेवटी कुणाच्याच तोंडी पडत नाही.