ठकूबाईची खिडकी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमक्या किती, ते विचारू नका. मोजत कोणी बसलं नव्हतं. माणदेशच्या माळावर कोरडेवाडीत ठकूबाई सनगरीण घोंगड्या विणायची. वीण इतकी घट्ट, की आषाढातला पाऊसही तिच्या घोंगडीला विचारून आत यायचा, असं म्हणतात.

त्याच वाडीत सटवा मेंढक्याच्या घरी धुरपा सून म्हणून आली. पोर गुणाची, पण चांदण्यांना घाबरायची. दिवस मावळला की कोपऱ्यात शिरून डोळे गच्च मिटायची. देवऋषी झाला, अंगारा झाला, लिंबू उतरून झालं. उपयोग शून्य. वाडीला आयतंच हसायला मिळालं. पण दिवाळीनंतर मेंढरं घेऊन आठ महिने उघड्या माळावर राहायचं, तिथं ही कशी टिकणार? सासरा सटवा म्हणाला, "दिवाळीपातूर बघतो. न्हाईतर म्हायेरी धाडतो." धुरपाचा नवऱ्यावर भारी जीव. रडून रडून ती अर्धी झाली.

ठकूबाईनं तिला मागापाशी बसवलं आणि आजवर कोणी न विचारलेलं विचारलं, "पोरी, नेमकं कशाचं भ्या वाटतं?"

धुरपा म्हणाली, "समद्या येकदम दिसल्या की वाटतं, पाय सुटंल आन मी वर पडंन."

ठकूबाई हसली नाही. "मग येकदम कशाला बघतीस?" म्हणाली, आणि नव्याकोऱ्या घोंगडीत दाभण खुपसून तिनं बोटाएवढं भोक पाडलं. जन्मात एक धागा न चुकलेली बाई ती!

त्या रात्री दोघी अंगणात एकाच घोंगडीखाली निजल्या. धुरपाचा हात ठकूबाईच्या मुठीत. भोकातून एकच चांदणी दिसत होती.

"हिच्यात पडशील का?"

"न्हाई. लई बारकी हाय."

दुसऱ्या रात्री दुसरं भोक, मग रोज एकेक. असं म्हणतात, दिवाळीपर्यंत घोंगडीची चाळण झाली, आणि शेवटी धुरपानं ती आपल्या हातानं भिरकावली. तेव्हा सगळ्या चांदण्या तिला बघायला खाली वाकल्या. माळ असा उजळला, की सटवाची मेंढरं दिवस उगवला समजून चरायला निघाली. मी पाहिलं नाही, पण मेंढरं कशाला खोटं बोलतील?

पुढं चाळीस वर्षं धुरपा मेंढरांमागं फिरली. अंधारात वाट चुकली की म्हातारे गडीही तिलाच विचारायचे, आणि ती वर बघून वाट सांगायची.

कोरडेवाडीत आजही नव्या सुनेच्या घोंगडीत एक भोक ठेवतात. त्याला ठकूबाईची खिडकी म्हणतात. सासू ती घोंगडी सुनेच्या खांद्यावर घालते आणि विचारते, "पोरी, तुला कशाचं भ्या वाटतं?"

सून बोलेपर्यंत घरात कोणी घास घेत नाही.